दुसरं मरण

धारूरहून आडसमार्गे अंबाजोगाईला निघालं की तासाभरात माणूस दासोपंतांच्या समाधीपाशी पोचतो. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला. तो अथपासून इतिपर्यंत किती जणांनी वाचला असेल, हा प्रश्न वेगळा. पण अंबाजोगाईच्या माणसाला दासोपंतांबद्दल विचारा, तो आधी पासोडीचं नाव घेईल. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड खादीचं पांघरूण. अशाच एका सुमारे चाळीस फूट लांब पासोडीवर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहून काढलं, ओव्यांसकट आणि आकृत्यांसकट. विषय असा की पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच तत्त्वं एकमेकांत मिसळून देह कसा तयार होतो, आणि त्या देहाला ‘मी’ समजणं ही चूक कशी.

या पासोडीशेजारी मला नेहमी दुसरं एक कापड आठवतं. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस इ.स.पू. १४२५च्या सुमारास वारला. त्याच्या मुलानं, दुसऱ्या आमेनहोतेपनं, बापाच्या देहाभोवती गुंडाळायला तागाचं एक मोठं वस्त्र करून घेतलं आणि त्यावर शाईनं मंत्रांच्या ओळीच्या ओळी लिहून घेतल्या. तेही कापड, त्यावरही धर्मग्रंथ, आणि विषयही देहाचाच. पण म्हणणं मात्र अगदी उलट. आपला देह पाचात मिसळून जाणार, जाऊ दे, असं अंबाजोगाईचं कापड सांगतं. थुतमोसचं वस्त्र सांगतं की यातला कणही मिसळू देऊ नका.

आपण मेलेल्या माणसाबद्दल ‘पंचत्वात विलीन झाला’ असं म्हणतो. इजिप्तच्या माणसाला यापेक्षा भयंकर वाक्य ऐकवता आलं नसतं.

गंमत अशी की माणूस अनेक अंशांचा बनलेला असतो हे तेही मानत, आणि त्या अंशांची यादी बहुधा पाचाचीच दिली जाते. पहिला ‘का’, म्हणजे जीवनशक्ती. तिला मेल्यावरही भूक लागते. दुसरा ‘बा’. तो चित्रात माणसाचं तोंड असलेल्या पाखरासारखा दिसतो. दिवसा थडग्याबाहेर हिंडून येतो आणि रात्री देहाकडे परततो. तिसरं काळीज, कारण बुद्धी आणि आठवण मेंदूत नसून तिथे असते अशी त्यांची पक्की समजूत. चौथी सावली. आणि पाचवं नाव. ही यादी ग्रंथागणिक थोडी कमी-जास्त होते, पण मुद्दा बदलत नाही. मरण म्हणजे या अंशांची फाटाफूट, आणि मृतासाठी जे काही करायचं ते सगळं त्यांना पुन्हा एकत्र ठेवण्यासाठी. देह सडला तर रात्री परतणाऱ्या पाखराला घरटंच उरत नाही. अन्न बंद झालं की ‘का’ उपाशी. नाव खोडलं गेलं तर माणूस कधी जन्मलाच नव्हता असं होतं. याला ते दुसऱ्यांदा मरणं म्हणत. पहिल्या मरणाला इलाज नाही हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. पिरॅमिडपासून मण्याएवढ्या ताइतापर्यंत त्यांची सारी धडपड होती ती या दुसऱ्या मरणाविरुद्ध.

नावाचं महत्त्व किती, ते याच थुतमोसच्या वागण्यावरून कळतं. त्याच्या आधी त्याची सावत्र आई हातशेप्सुत हिनं स्वतः फेरो म्हणून राज्य केलं होतं. थुतमोसच्या कारकिर्दीच्या अखेरीस तिचं नाव आणि तिच्या मूर्ती देवळांच्या भिंतींवरून छिन्नीनं तासून काढल्या गेल्या. स्वतःच्या कफनावर मंत्र लिहून घेणाऱ्या घराण्यानं तिच्या वाट्याला काय ठेवलं, ते पाहा. छिन्नी सगळीकडे पोचली नाही, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. आम्हा धारूरकरांना हा अनुभव जरा जवळचा आहे. शाहजहानच्या काळात मोगलांनी किल्ला घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद ठेवलं. कागदावर ते चाललंही; लोकांच्या तोंडी मात्र धारूर ते धारूरच राहिलं.

आता देहाकडे वळू. ममी कशी करत हे सांगताना रहस्य, जादू, हरवलेली विद्या असे शब्द वापरायची रीत पडली आहे. मला त्यात स्वयंपाकघर जास्त दिसतं. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचा खोलगट भाग आहे. तिथली तळी आटली की काठावर पांढरा खार साचतो, तोच नॅट्रॉन. धुण्याचा सोडा, खायचा सोडा, मीठ असं त्यात नैसर्गिकरीत्याच मिसळलेलं असतं. म्हणजे आपल्या पापडखाराचा भाऊबंदच. पूर्वी समजूत होती की शव या खाराच्या पाण्यात बुडवून ठेवत. आता कोरड्या खारात गाडून ठेवत हे सर्वमान्य आहे. साधारण चाळीस दिवस. खार पाणी शोषतो, चरबी कापतो, आणि जंतूंना जगायला ओल शिल्लक ठेवत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बाईला यातलं तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.

खारात ठेवण्याआधी आतले अवयव काढत, कारण सडणं तिथूनच सुरू होतं. डाव्या कुशीत एक चीर द्यायची आणि यकृत, फुप्फुसं, जठर व आतडी बाहेर काढून वेगळी वाळवायची. मेंदू नाकातून आकडीनं काढून टाकून द्यायचा. त्याचा उपयोग काय हे त्यांना कधी कळलंच नाही. काळीज मात्र जागेवरच. चीर देणाऱ्या माणसाची गोष्ट डायोडोरस या ग्रीक लेखकानं लिहून ठेवली आहे. काम होताच तो पळ काढायचा आणि बाकीचे त्याच्यामागे शिव्या देत दगड भिरकवायचे. देहाला इजा करणं पाप, आणि ती केल्याशिवाय देह टिकत नाही. मग पाप एका माणसाच्या माथी मारून मोकळं व्हायचं. ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये.

सारा विधी सत्तर दिवसांचा. त्यांच्या आकाशातून व्याधाचा तारा साधारण तितकेच दिवस दिसेनासा होई आणि पुन्हा उगवे, त्याच्याशी या सत्तराचा संबंध लावतात. प्रमुख पुरोहित कोल्ह्याच्या तोंडाच्या अनुबिस देवाचा प्रतिनिधी. कोल्हाच का? वाळवंटाच्या कडेला उथळ पुरलेली प्रेतं उकरून काढणारा प्राणी तोच. ज्याच्यापासून धोका, त्यालाच राखणीला बसवायचं. काढलेल्या चार अवयवांनाही असेच चार राखणदार. हे होरस देवाचे चार पुत्र: यकृताला माणसाच्या तोंडाचा इम्सेती, फुप्फुसांना वानरतोंड्या हापी, जठराला कोल्हेतोंड्या दुआमुतेफ, आतड्यांना बहिरी ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ. त्यांच्या मागे पुन्हा चार देवी, आणि त्यांतली एक सेर्केत, डोक्यावर विंचू घेतलेली. बालाघाटाच्या डोंगरात दगड उचलण्याआधी दोनदा विचार करणाऱ्यांना या देवीची नेमणूक योग्यच वाटेल.

वाळलेल्या देहावर तेलं आणि राळ चोळून तो कापडात गुंडाळत. बाळंतिणीला देतात तो हिराबोळही या सुगंधी द्रव्यांत असे. पुढच्या काळात काही ममींवर राळ काळीभोर दिसू लागली. लोकांना ते डांबर वाटलं, आणि डांबरासाठी जो फारसी शब्द होता, मोमिया, त्यावरून ‘ममी’ हे नाव पडलं. राजांना खास विणलेलं तागाचं कापड मिळे. सामान्यांच्या वाट्याला घरातल्या जुन्या चादरी आणि नेसूची वस्त्रं फाडून केलेल्या पट्ट्या, आपल्याकडे जुनी लुगडी गोधडीत जातात तशाच.

भारताचा माल या सगळ्यात कुठे होता का, असं कुणी विचारलं तर एक पक्कं उत्तर देता येतं. इ.स.पू. १२१३ मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामसेसच्या नाकात काळ्या मिऱ्यांचे दाणे सापडले, आणि मिरी दक्षिण भारताशिवाय दुसरीकडून जाणं शक्य नव्हतं. आपल्या भागाचा संबंध बऱ्याच उशिरा येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ लिहिलं. त्यात पैठण आणि तगर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धारूरच्या दक्षिणेचं तेर. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांत. त्यातल्याच एका बंदरावर, बेरेनिकेला, २०२२ मध्ये इसिस देवीच्या देवळाच्या उत्खननात बुद्धाची मूर्ती मिळाली. तेरच्या कापडात कुणाची ममी गुंडाळली असा पुरावा नाही, तेव्हा ती गोष्ट इथेच सोडू.

गुंडाळताना थराथरात ताईत ठेवत. कुशीतल्या चिरेवर होरसच्या डोळ्याचा, गळ्यापाशी इसिसच्या गाठीचा, तो शक्यतो लाल दगडाचा. तुतानखामेन राजाच्या पट्ट्यांतून हॉवर्ड कार्टर या संशोधकानं अशा १४३ वस्तू काढल्या. आणि लिखाण तर सगळीकडे. आधी, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये ते भिंतीवर आलं. नंतर ते शवपेट्यांच्या आतल्या बाजूला उतरलं, पुढे पपायरसच्या गुंडाळ्यांवर. या गुंडाळ्यांना आपण ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणतो ते लेप्सिउस या जर्मन अभ्यासकानं १८४२ मध्ये रूढ केलेल्या नावामुळे. त्यांचं स्वतःचं नाव अधिक उजेडाचं होतं. त्याचा अर्थ ‘दिवसा बाहेर येणं’ असा काहीसा. गरुडपुराणासारखा हा ग्रंथ मागे राहिलेल्यांनी ऐकायचा नसून मेलेल्यानं सोबत न्यायचा, वाटेतल्या दारांवर कोणत्या रखवालदाराला काय उत्तर द्यायचं ते सांगणारा. कारखान्यात आधीच लिहून ठेवलेल्या प्रतीही मिळत, मालकाच्या नावाची जागा कोरी सोडलेल्या. आणि काही गुंडाळ्यांत ती जागा कोरीच राहून गेली आहे.

या लिखाणातली एक गोष्ट वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. चित्रलिपीत साप, सिंह, पक्षी ही अक्षरंच असतात. थडग्याच्या आत लिहिताना लेखकाला भीती वाटे की अक्षरातला साप जिवंत होऊन मृताला डसेल. म्हणून तो सापाचे दोन तुकडे करून काढी, सिंह अर्धाच रंगवी, पाखराचे पाय गाळी. शब्द वाचता आला पाहिजे, पण शब्दातल्या जनावरानं जागचं हलता कामा नये.

पाय गाळलेली ती पाखरं पाहून मला इनामगाव आठवलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली, आणि घरांच्या जमिनीखाली त्या घरांचे मृत. मूल गेलं तर दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे आणि त्यात मुलाला निजवायचं. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून खड्ड्यात ठेवत, सोबत पाण्याचं तोटीचं भांडं आणि वाडगे. आणि त्याची पावलं घोट्याखालून तोडलेली असत. घरात पुरलेलं माणूस घरातच राहावं, उठून भूत होऊन हिंडू नये, यासाठी ती तोडली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा, पोट सुटलेल्या बाईसारखा दिसणारा मातीचा रांजण निघाला. त्यात एक माणूस बसवलेला होता, पावलं शाबूत. मानाच्या माणसाला ही सवलत मिळाली असावी.

म्हणजे नाईलच्या काठी मृताला धोका होऊ नये म्हणून अक्षराचे पाय कापत, आणि घोड नदीच्या काठी मृताचेच पाय कापत. हत्यार एकच, रोख वेगवेगळा. मृतांविषयीचा कुठलाही विधी पाहताना मी स्वतःला एवढंच विचारतो की इथे कोण कुणाला कुणापासून वाचवतंय.

आपल्या चालू विधींना हा प्रश्न लावून पाहिला तर उत्तरं संमिश्र येतात. प्रेताच्या पायांचे अंगठे बांधतो, ते जिवंतांच्या काळजीनं. माणूस गेला त्या जागी दिवा लावून शेजारी पीठ पसरतो आणि सकाळी त्यावर पाऊल कुणाचं उमटलंय ते बघतो, ती नुसती हुरहुर. गेलेला कुठल्या जन्माला गेला हे कळावं म्हणून. अस्थी वाहत्या पाण्यात सोडतो ते त्याचं जाणं पुरं व्हावं म्हणून. पण सगळे मराठी लोक जाळतात असंही नाही. आपल्या मराठवाड्यात लिंगायतांचे देह बैठकीत बसवून, विभूती आणि बेल वाहून पुरतात. मुसलमानांची कबरस्तानं गावोगाव आहेत. विदर्भात माहुरझरीसारख्या ठिकाणी लोहयुगातल्या लोकांनी दगडांची वर्तुळं रचून त्यांत मृतांसोबत तांब्याचा साज चढवलेले घोडेही पुरले. आणि देहाला मिथ्या म्हणणाऱ्या दासोपंतांची समाधी आपण चारशे वर्षं नीट सांभाळली, ही विसंगती मला मोठी लोभस वाटते.

इजिप्तमध्ये देह टिकला तरी पार पडलं असं नव्हतं. पुढे निवाडा. चित्रगुप्ताच्या जागी थोथ देव, तोही लेखणी घेऊनच. पण तिथे वही वाचून दाखवत नाहीत, काळीज तराजूत घालतात. दुसऱ्या पारड्यात सत्याचं, माआत देवीचं, पीस. त्याआधी बेचाळीस न्यायदेवतांसमोर एकेक करून म्हणायचं की मी चोरी केली नाही, मी खोटं माप घातलं नाही, मी दुसऱ्याचं पाणी अडवलं नाही. काळीज जड निघालं तर शेजारी मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या धडाची आणि पाणघोड्याच्या मागच्या भागाची अम्मित वाट पाहत असते. नरक नाही, शिक्षा भोगणं नाही. गिळलं की संपलं. दुसरं मरण ते हेच.

आता यातली चलाखी पाहा. काळजावर दगडाचा एक भुंगेरा ठेवत, आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरलेला असे. त्याचा आशय असा की हे काळजा, तिथे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. म्हणजे न्यायही हवा आणि साक्षीदारही फोडलेला हवा! इजिप्तच्या धर्माचे भाबडे भक्त त्याच्या नीतिमत्तेबद्दल भरभरून लिहितात. त्यांनी हा भुंगेरा हातात घेऊन पाहावा. मला मात्र या भुंगेऱ्यामुळेच ती माणसं ओळखीची वाटतात.

पण सगळ्यांत ओळखीची वाटली ती त्यांच्या परलोकातली मजुरी. परलोकाचा देव ओसिरिस, त्याच्या राज्यातही शेती होती. नांगरट, पेरणी, पाटाचं पाणी, बांधावरची वाळू इकडून तिकडे वाहणं, आणि त्यासाठी वेठीला बोलावणं यायचं. श्रीमंताला मेल्यावर कुदळ कोण मारणार? म्हणून शाबती करत, वीतभर उंचीच्या मातीच्या, लाकडाच्या किंवा निळ्या चकचकीत मुलाम्याच्या बाहुल्या. हातात कुदळी, पाठीवर टोपली. अंगावर मंत्र लिहिलेला की मालकाचं नाव पुकारलं तर उठायचं आणि मी आहे म्हणायचं. सुरुवातीला एखाद-दुसरी बाहुली पुरे. पुढे हिशेब पक्का झाला. वर्षाच्या दिवसांइतके ३६५ मजूर, आणि दर दहा जणांवर एक असे ३६ मुकादम, एकूण ४०१. मुकादमाच्या हातात कुदळ नाही, चाबूक. तुतानखामेनकडे ४१३ निघाले, कारण त्याच्याकडे महिन्याला एक असे बारा जास्तीचे होते.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून हसू येणार नाही. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, केजच्या वाड्यातांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, अशा कोयत्यांची टोळी होते, टोळीवर मुकादम. आणि निघण्याआधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पाय मोकळे नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये शाबतींच्या विक्रीचा एक पपायरस आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. आमूनच्या देवळात ताईत-मूर्ती करणाऱ्या कारागिरानं तो एका पुरोहिताला लिहून दिलाय. ३६५ मजूर आणि ३६ मुकादमांची चांदी मिळाली असं म्हणून तो पुढे बाहुल्यांनाच बजावतो की तुमच्या मजुरीचे पैसे आले आहेत, तेव्हा याच्या बापाच्या कामाला लगेच लागा. बाहुलीची मजुरीसुद्धा आगाऊ चुकती करून ठेवायची, म्हणजे परलोकात तिला नाही म्हणता येऊ नये. उचलीचा इतका जुना कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

अन्नाचं गणित त्यामानानं सरळ होतं, पण तेच सर्वांत आधी कोलमडे. रोज भाकरी आणि बीअर वाहायला पुरोहित नेमत, त्यासाठी जमिनी लावून देत. दोन-तीन पिढ्या गेल्या की जमीन वारसांच्या घशात आणि थडगं उपाशी. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवला की जबाबदारीतून सुटका, मग वर्षाकाठी पितृपक्षातलं ताट. त्यांना रोज पुरवायचं होतं. म्हणून त्यांनी तोड काढली की भिंतीवर भाकरीचं चित्र काढलं तरी ते खरं, आणि ‘हजार भाकरी, हजार घट बीअर’ असं कुणी तोंडानं म्हटलं तरी ते पोचतं. थडग्याच्या दर्शनी भागावर वाटसरूंना विनवणी कोरलेली असे की बाबांनो, थांबा आणि हे एवढं मोठ्यानं वाचा. यात तुमचं काही खर्चत नाही, तोंडातला वारा काय तो जातो.

मृतांशी त्यांचा पत्रव्यवहारही चाले. अन्नाच्या वाडग्यावर आतून लिहायचं, म्हणजे जेवताना वाचलं जाईल. त्यात तक्रारी असत, दावे असत, मुलाच्या आजारपणाची गाऱ्हाणी असत. हॉलंडमधल्या लायडनला एक पपायरस आहे. एक विधुर आपल्या मेलेल्या बायकोला विचारतोय की मी तुझं काय वाकडं केलं म्हणून तू मला छळतेस? तुझ्या आजारपणात वैद्य आणला, तुझ्यासाठी रडलो, उत्तम कापड दिलं, तीन वर्षं एकटा राहिलोय. ‘पितर लागलेत’ म्हणून जाणत्याकडे जाणाऱ्या माणसाला या नवऱ्याची अडचण लगेच कळेल.

इतकं करून हाती काय लागलं? राजांच्या बाबतीत, फार काही नाही. नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १११०च्या आसपास, थडगी फोडणाऱ्यांवर खटला चालला आणि त्याचे कागद टिकले. आमेनपानुफेर नावाचा पाथरवट जबानी देतो की आम्ही सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात भोक पाडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं, पेट्या पेटवून दिल्या, आणि आठ जणांनी १६० देबेन सोनं वाटून घेतलं. हे आजच्या मापानं चौदा किलोच्या वर भरतं. पुढे तो पकडला गेला, वाट्याचं सोनं अधिकाऱ्याला देऊन सुटला आणि पुन्हा साथीदारांत गेला. त्यांनी त्याचा वाटा भरून दिला. शाप, साप, कोल्हेतोंड्या देव, कशालाही हे लोक भ्यायले नाहीत. त्यांच्यासारख्याच कारागिरांनी ती थडगी खोदली होती.

अखेर पुरोहितांनी राजांचे देह गोळा केले, जमेल तसे पुन्हा गुंडाळले, कापडावर कुणाचा कोण ते लिहिलं आणि देर अल-बहरीच्या कड्यातल्या एका भुयारात दडवले. १८८१ मध्ये तो ठेवा सरकारच्या हाती आला. त्यात दुसरा रामसेस होता आणि आपला थुतमोसही, मोडका, पुरोहितांनी लाकडी पट्ट्यांचा आधार देऊन बांधलेला. मंत्र लिहिलेल्या त्या वस्त्रानं त्याला वाचवलं नव्हतं. ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं त्यांचं मात्र बरं झालं. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलेन गावाजवळचा एक माणूस आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, गुडघे पोटाशी घेऊन वाळूत नुसता पुरलेला. ना खार, ना राळ, ना मंत्र. तापलेल्या वाळूनंच त्याच्यातलं पाणी शोषून घेतलं. त्याचे केससुद्धा जागेवर आहेत.

या सगळ्याचा आपल्याला सर्वांत जवळचा पुरावा हैदराबादला आहे. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी तीच होती. तिथल्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात एक ममी आहे. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती १९२०च्या सुमारास विकत घेतली, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याला भेट दिली, आणि १९३० मध्ये ती संग्रहालयात आली. टॉलेमी राजांच्या काळातली तरुण मुलगी मानतात तिला. ‘सहाव्या फेरोची राजकन्या’ अशी जी ओळख सांगितली जाते तिच्यावर माझा भरवसा नाही. टॉलेमींच्या काळापर्यंत इजिप्तचे राजे शेकड्यांनी होऊन गेले होते. दमट हवेनं तिच्या पट्ट्या खराब होऊ लागल्या, तेव्हा २०१६ मध्ये तिचं सीटी स्कॅन झालं आणि प्राणवायू काढून घेतलेल्या हवाबंद काचपेटीत तिला ठेवलं गेलं. वादी नत्रूनच्या खाराचं काम आता नायट्रोजन करतो.

तिच्यासमोर लोक साधारण अर्धा मिनिट थांबतात. फोटो काढतात, मुलांना ‘बघ, भूत’ म्हणतात आणि पुढे जातात. शाबती नाहीत, भाकरी वाहणारा पुरोहित नाही, दार राखणारा कोल्हा नाही. पाटीवर नाव आहे, नैशू. हैदराबादला गेलात तर तेवढं जरा मोठ्यानं वाचा.